बीपी कोसळल्यावरचे इंजेक्शन आणि आपल्या जकातीचा पैसा

सन २०१८ च्या फेब्रुवारी महिन्यात राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे औषधाच्या धंद्यात ज्याला सारे एनपीपीए म्हणतात त्या सरकारी संस्थेने, दिल्ली व आसपासच्या चार बड्या खाजगी इस्पितळांची बिले तपासून एक अहवाल प्रसिद्ध केला. आदल्या वर्षी डेंग्यूने दगावलेल्या एका लहान मुलीच्या पालकांना आलेल्या लाखोंच्या बिलावरून देशभर गदारोळ उठला होता, त्याची ही पार्श्वभूमी. अहवालातील बहुतेक आकडे वर्तमानपत्रांनी दोन दिवस छापले आणि नंतर सारे शांत झाले. परंतु त्यातील एक नोंद व्यापारी माणसाने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

ही नोंद दोन मिलीलीटरच्या एका इंजेक्शनची आहे. इस्पितळाला ते १४ रुपये ७० पैशांना पडले होते आणि रुग्णाच्या बिलात ते १८९ रुपये ९५ पैशांनी लागले. त्या रुग्णाचे या एकाच औषधाचे बिल करांसह ५,३१८ रुपये ६० पैसे झाले. भागाकार केला तर २८ इंजेक्शने होतात. खरेदी दराने त्यांची किंमत ४११ रुपये ६० पैसे भरते. मधले ४,९०७ रुपये कोणाच्या गल्ल्यात गेले हे सांगण्याची गरज नाही. टक्केवारीत हा नफा १,१९२ होतो.

हे इंजेक्शन ताकदीचे नव्हते की सौंदर्याचे नव्हते. ते नॉरॲड्रेनॅलिन होते. रक्तदाब इतका खाली गेला की जीव राहील की जाईल असा प्रश्न उभा राहतो, त्या वेळी जे औषध लावतात ते हे.

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण तिच्यावरच व्यापारी प्रश्न उभा आहे. चांगल्या माणसाचे वरचे बीपी १२० च्या आसपास असते. ते ९० च्या खाली घसरले आणि घसरतच राहिले तर मूत्रपिंड, मेंदू, हृदय यांना रक्त पुरत नाही. याला डॉक्टर शॉक म्हणतात. आपल्याकडे त्याचे एक मोठे कारण म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात पसरणे. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, मधुमेही माणसाच्या पायाची जखम, बाळंतपणानंतरचा संसर्ग, अशा कशातूनही ही वेळ येते. प्रथम सलाइन देतात, प्रतिजैविके सुरू करतात. तेवढ्याने भागले नाही तर नॉरॲड्रेनॅलिन लावतात. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते आणि बीपी वर येते. ते सुई टोचून एकदाच द्यायचे औषध नव्हे. सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने ते चोवीस तास चालू ठेवावे लागते. त्याचा असर काही मिनिटांतच उतरतो, त्यामुळे पंप रिकामा झाला की बीपी पुन्हा कोसळते. चार मिलीग्रॅमची एक कुपी, मिनिटाला दहा मायक्रोग्रॅम या वेगाने, सुमारे साडेसहा तास पुरते. म्हणजे दिवसाला साडेतीन-चार कुप्या. प्रकृती अधिक बिघडली तर याच्या दुप्पट-तिप्पट.

पूर्वी या कामाला डोपामिन फार वापरीत. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १,६७९ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात डोपामिन घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. तेव्हापासून रक्तातील संसर्गाच्या शॉकमध्ये नॉरॲड्रेनॅलिनलाच पहिला मान आहे. ॲलर्जीने बीपी कोसळले तर मात्र ॲड्रेनॅलिन, आणि तेही मांडीच्या स्नायूत ताबडतोब. यांतील एकाही औषधावर आज कोणाचे पेटंट नाही. ॲड्रेनॅलिन विसाव्या शतकाच्या आरंभापासून बाजारात आहे, नॉरॲड्रेनॅलिन १९५० च्या सुमारापासून. संशोधनाचा खर्च वसूल करायचा आहे ही सबब येथे कोणालाच सांगता येणार नाही.

मग १४ रुपये ७० पैशांच्या वस्तूवर १८९ रुपये ९५ पैसे छापले कोणी?

सामान्य माणूस म्हणेल, कंपनीने. छापले कंपनीनेच, पण तिच्या पदरात १४ रुपये ७० पैशांपेक्षा अधिक काही पडले नाही. हा उफराटा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवर घाऊक दुकानात बसलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो दोन मिनिटांत समजावून देईल. साधारण बाजारात जो स्वस्त देईल त्याचा माल उठतो. मोठ्या इस्पितळाच्या खरेदी खात्यात दोन दर बघतात: आम्हाला केवढ्याला देता, आणि वेष्टनावर किती छापता. दोन कंपन्या एकाच भावाने माल देत असतील, तर जिची छापील किंमत जास्त तिला ऑर्डर. प्रामाणिकपणे ४० रुपये छापणाऱ्याचा माल गोदामात पडून राहतो आणि १९० छापणारा पुरवठादार होतो. एनपीपीएने आपल्या अहवालात हेच म्हटले आहे की फुगवलेल्या किमतीचा मुख्य लाभ इस्पितळांना होतो आणि धंदा टिकवण्यासाठी उत्पादक ती छापतात. त्याच अहवालात, ज्या थ्री-वे नळीतून असली औषधे शिरेत सोडतात ती ५ रुपये ७७ पैशांना घेऊन १०६ रुपयांना लावल्याची नोंद आहे. तिच्यावरचा नफा १,७३७ टक्के!

यात कायदा कोठे मोडला? कोठेच नाही. छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेतलेला नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे सरकारच्या यादीतील औषधांची कमाल किंमत ठरते आणि तीत किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मिळतात. यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत कंपनीने मनास येईल ती छापावी. सरकार एवढेच पाहते की ती वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढू नये. त्या चार इस्पितळांच्या बिलांत यादीतील औषधांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आणि यादीबाहेरच्यांचा २५ टक्क्यांच्या वर निघाला, तो योगायोग म्हणता येणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. पण जिथे नफाच हजार टक्क्यांत मोजायचा तिथे सात टक्क्यांची सवलत रुग्णाला कितीशी जाणवणार?

इस्पितळवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, खाटेचे भाडे आम्ही कमी ठेवतो, परिचारिका चोवीस तास लागतात, यंत्रे महाग आहेत, काही कुप्या मुदत संपून फेकाव्या लागतात. ही तूट औषधाच्या दुकानातून भरून निघते. यात तथ्य आहे. परंतु मग ती रक्कम खाटेच्या नावाने लिहा. खाटेचे भाडे दाखल होण्यापूर्वी विचारता येते, दुसऱ्या इस्पितळाशी ताडून पाहता येते. आयसीयूत तिसऱ्या रात्री लागलेल्या इंजेक्शनचा भाव कोण विचारणार? २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर इस्पितळाच्याच दुकानातून औषधे घेण्याच्या सक्तीचा प्रश्न आला होता. न्यायालयाने धोरण ठरवणे राज्य सरकारांवर सोपवले. उद्या सक्ती नाही अशी पाटी दारावर लागली तरी, ज्याच्या बापाचे बीपी साठावर आले आहे तो मुलगा बाहेर दोन रुपये स्वस्त मिळते का हे पाहायला जाणार नाही. जाऊही नये. रुग्णापाशी थांबणे त्या घटकेला अधिक गरजेचे.

येथेच आपल्या शरीअतीतील व्यापारविषयक शिकवणुकीचा संबंध येतो. व्यवहार दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने झाला पाहिजे हे तत्त्व आपण लहानपणापासून ऐकतो. पण जो मजबूर आहे, ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही, त्याची संमती ती संमती का? फिकहच्या ग्रंथांत अशा मजबूर माणसाला ‘मुज्तर’ म्हणतात आणि त्याच्याशी केलेल्या सौद्याची चर्चा वेगळी केलेली आहे. त्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन वाजवीपेक्षा फार मोठी किंमत लावणे विद्वानांनी नापसंत केले आहे. धान्य दाबून ठेवणाऱ्या साठेबाजाला आपण मशिदीच्या व्यासपीठावरून नावे ठेवतो. साठेबाज निदान माल दाबतो तरी, येथे माल समोर ठेवून माणूस दाबला जातो.

काही व्यापारी बांधव लगेच दाखला देतील की मदीनेत भाव चढले असता लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे भाव बांधून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली नाही. हदीस बरोबर आहे. पण ती महागाई टंचाईने आलेली होती, कोणी लबाडीने आणलेली नव्हती, हेही विद्वानांनी सांगितले आहे. इब्न तैमिया यांनी हिस्बावरील आपल्या ग्रंथात हा फरक स्पष्ट केला आहे: लोकांना एखाद्या वस्तूची निकड असताना विकणारे वाजवी भावाने देण्यास तयार नसतील, तर शासनाने वाजवी भाव लावून देणे न्यायाला धरूनच होईल. आयसीयूतील इंजेक्शनाइतकी निकड दुसऱ्या कोणत्या वस्तूची असेल?

आता आपल्या घरातील गोष्ट. आपल्या वस्त्यांत एखादा रिक्षावाला किंवा यंत्रमाग कामगार आयसीयूत गेला की तिसऱ्या दिवशी काय होते, ते वाचकांना सांगायला नको. जमातीकडे अर्ज येतो, जकात कमिटी बसते, मोबाइलवर आवाहन फिरते, जुम्याच्या नमाजनंतर चादर पसरली जाते. दोन-तीन ठिकाणचे चेक इस्पितळाच्या नावाने निघतात. कमिटीतील मंडळी अर्जदार खरोखर हकदार आहे का, याची कसून चौकशी करतात. रेशनकार्ड पाहतात, घरी जाऊन येतात, शेजाऱ्याला विचारतात. आणि बिल? त्याची शेवटची बेरीज पाहून चेक लिहितात. औषधाचा रकाना कोणी उघडत नाही. ज्या गरिबाची आपण चौकशी केली त्याच्या हातात जकात क्षणभर जाते आणि तिचा मोठा हिस्सा, ज्याची आपण काहीच चौकशी केली नाही अशा नफ्यात जाऊन बसतो. ५,३१८ रुपयांची जकात देऊन आपण ४११ रुपयांचे औषध विकत घेतो. जकातीचे आठ हकदार कुराणात सांगितलेले आहेत, त्यांत औषध दुकानाचा नफा नाही.

हा केवळ दुसऱ्यांच्या इस्पितळांचा प्रश्न आहे असेही समजू नये. आपल्या समाजाच्या ट्रस्टनी उभारलेली इस्पितळे आहेत, आपल्या डॉक्टरांची नर्सिंग होम्स आहेत, आणि औषधाच्या किरकोळ व घाऊक धंद्यात आपली माणसे थोडी नाहीत. जी प्रथा सगळीकडे आहे ती आपल्याकडे आपोआप टळली असेल असे मानण्याला आधार काय?

मात्र भाव पाडा एवढी एकच आरोळी ठोकणे व्यापाराच्या पानाला शोभणार नाही, कारण अति स्वस्ताईचेही बळी असतात. याचे उदाहरण नेमके याच औषधाचे आहे. अमेरिकेत २०११ साली नॉरॲड्रेनॅलिनची टंचाई झाली. जुने, स्वस्त, थोड्याच कंपन्या बनवीत असलेले औषध; उत्पादनात अडथळे आले आणि इस्पितळांतील साठे आटले. डॉक्टरांनी बदली म्हणून मुख्यतः फेनिलेफ्रिन वापरले. काम भागले असे सर्वांना वाटले. २०१७ साली त्या काळातील २६ इस्पितळांच्या २७,८३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की टंचाई नसताना शंभरातले सुमारे ३६ रुग्ण दगावत आणि टंचाईच्या काळात जवळजवळ ४० दगावले. शंभरामागे चार माणसे, श्रीमंत देशात, काही डॉलरच्या औषधावाचून. टंचाईच्या मुळाशी जाण्यासाठी अमेरिकी सरकारी औषध प्रशासनाने २०१९ साली अहवाल केला. त्यात पहिले कारण हेच दिले की कमी नफ्याची औषधे बनवण्यात कंपन्यांना रस उरत नाही.

आपल्याकडेही ही भीती काल्पनिक नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एनपीपीएला स्वतःहून आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, कारण जुन्या भावात ती बनवणे परवडत नाही असे उत्पादकांचे म्हणणे होते. त्यांत ॲट्रोपिनचे इंजेक्शन होते, जे हृदयाचे ठोके फार मंद होऊन बीपी खाली येते तेव्हा देतात. दम्याचे सालबुटामॉल होते, बेन्झिल पेनिसिलीन होते. असेच उपाय २०१९ व २०२१ मध्येही करावे लागले होते.

म्हणून कंपनीचा भाव पाडण्यात शहाणपण नाही, तो तिला मिळायलाच हवा. १४ रुपये ७० पैशांऐवजी २० रुपये मिळाले तरी रुग्णाची तक्रार असणार नाही. कात्री लागली पाहिजे ती मधल्या १७५ रुपयांना. रास्त भावात धंदा बुडत नाही याचा आपल्यासमोरचा दाखला सिप्लाचा आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ही कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलर या भावाने देऊ केली, जेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचाराचे दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक घेत होत्या. सिप्ला आजही उभी आहे, हे वेगळे सांगायला नको.

मधल्या नफ्याला कात्री लावणे सरकारला जमत नाही असेही नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ४२ कर्करोगाच्या औषधांवर व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला आणि काही ब्रँडच्या छापील किमती ९० टक्क्यांपर्यंत खाली आल्या. २०२१ मध्ये कोविडच्या काळात ऑक्सिजन काँसन्ट्रेटरवर ७० टक्क्यांची मर्यादा आली. आयसीयूत शॉकसाठी लागणाऱ्या, यादीबाहेरच्या प्रत्येक औषधावर व नळीवर अशीच मर्यादा घालावी अशी मागणी व्यापारी संघटनांनीच पुढे होऊन करावयास हवी. तसे झाले तर ४० रुपये छापणाऱ्या कंपनीला ऑर्डर मिळेल आणि तिचा माल ठेवणाऱ्या स्टॉकिस्टलाही.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात काय आहे? इस्लामी व्यापारात मुराबहा नावाचा व्यवहार आहे. विकणारा आपली खरेदी किंमत उघड सांगतो, तिच्यावरचा नफा उघड सांगतो आणि घेणारा दोन्ही पाहून घेतो. इस्लामी बँकांनी हा शब्द फार मोठ्या रकमांसाठी वापरला, तो औषधाच्या दुकानात आणायला कोणाची परवानगी लागत नाही. छापील किमतीपेक्षा कमी घेण्यास कायद्याची बंदी नाही. समाजाच्या ट्रस्ट इस्पितळांनी सुरुवातीला फक्त आठ-दहा वस्तू निवडाव्यात: ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, डोब्युटामिन, व्हॅसोप्रेसिन, ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, थ्री-वे आणि पंपाची सिरिंज. यांच्या बिलात खरेदी दर आणि नफा असे दोन रकाने छापावेत. नफा १६ टक्के ठेवा, २० ठेवा, मुदत संपणाऱ्या मालाचे धरून २५ ठेवा. तो दिसला म्हणजे झाले.

लहान गावांतील नर्सिंग होमची अडचण निराळी आहे. तेथे महिन्याला एखादा असा रुग्ण येतो. पंचवीस कुप्या घेऊन ठेवल्या तर वीस फुकट जातात, म्हणून कोणी ठेवतच नाही आणि रात्री दोन वाजता नातेवाईक चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या गावी धावतो. अशा तीन-चार नर्सिंग होम्सनी मिळून एका रात्रभर उघड्या दुकानात सामाईक साठा ठेवावा आणि मुदत जवळ आलेला माल जेथे आयसीयू मोठे आहे त्या शहरातील इस्पितळाला वेळीच फिरवून द्यावा. ही औषधे उजेडापासून व उन्हाळ्याच्या उष्म्यापासून जपावी लागतात, रंग तपकिरी झालेली कुपी वापरता येत नाही. तेव्हा दुकानदाराने ती काउंटरच्या काचेत ठेवू नयेत.

आणि जकात कमिट्यांनी रमजानपूर्वीच्या बैठकीत एक साधा ठराव करावा: आयसीयूच्या बिलाला चेक देण्यापूर्वी औषधांची तपशीलवार यादी मागायची, आणि त्यातील मोठ्या रकमेच्या पाच वस्तूंचा खरेदी दर इस्पितळाला लेखी विचारायचा. इस्पितळ दर सांगण्यास बांधील नाही, नकार देईल. परंतु जी कमिटी वर्षाला पन्नास चेक देते तिचा प्रश्न टाळणे एखाद्या नातेवाइकाचा प्रश्न टाळण्याइतके सोपे नसते. सोबत कुप्यांची संख्याही ताडून पाहावी. पंप तासाला किती मिलीने चालला याची नोंद रुग्णाच्या तक्त्यात तासागणिक असते. त्यावरून किती कुप्या लागल्या असतील याचा अंदाज कमिटीचा हिशेबनीस डॉक्टरांच्या थोड्या मदतीने अर्ध्या तासात काढू शकेल. तक्ता देण्यास नकार मिळाला तर रुग्णाच्या किंवा त्याच्या वारसाच्या सहीने लेखी अर्ज करावा. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा डॉक्टरांसाठी नियम आहे.